आपला गडी कोणता?

२०२४ साली आयपीएल आणि रमजान एकाच वेळी आले होते. तरावीह आटोपली की आमच्या मोहल्ल्यातली निम्मी मंडळी मशिदीतून थेट चौकातल्या हॉटेलात यायची. २७ मार्चच्या रात्री आम्ही बाहेर पडलो तेव्हा कुणीतरी मोबाईल बघून म्हणालं, हैदराबादने २७७ केले. कुणाचाच विश्वास बसेना. वीस षटकांत २७७! तेही मुंबईविरुद्ध! हॉटेलात जाऊन टीव्हीवर आकडा बघितला तेव्हा कुठे खरं वाटलं आणि मग जी भांडणं सुरू झाली ती ईदपर्यंत थांबली नाहीत.

परभणीतली पोरं मुंबई इंडियन्सची. का, ते विचारू नये. त्या मोसमात त्यांच्या रागाचं एकच कारण होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने गुजरातला पैसे मोजून हार्दिक पंड्या परत आणला, त्यासाठी पैसा मोकळा करायला कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूला देऊन टाकलं आणि १५ डिसेंबरला पाच अजिंक्यपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं. २०२२ मध्ये तळाला गेलेला संघ २०२४ मध्ये पुन्हा तळाला गेला; चौदापैकी चार सामने जिंकला. "अपने आदमी को निकालके बाहरवाला लाए," हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकलं असेल! बुमराहला सुरुवातीची षटकं का दिली नाहीत, ईशान किशनला ठेवायचं की सोडायचं, सूर्यकुमारला कर्णधार का केलं नाही, सगळ्यावर मतं होती. माझ्याच वर्गात बसणारी, शुद्धलेखनात दहापैकी तीन मिळवणारी पोरं कोणत्या खेळाडूला किती कोटी मिळतात ते बिनचूक सांगत होती.

कोपऱ्यात एक चाचा बसायचे. वय ऐंशीच्या आसपास. ते त्या रात्री एकटेच खूश होते. पोरांनी छेडलं तर म्हणाले, "मुंबई तुमची कधी झाली रे? माझे अब्बा हैदराबादच्या टीमसाठी भांडायचे."

पोरं हसली. पण चाचांचं म्हणणं इतिहासाच्या दृष्टीने चूक नव्हतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. क्रिकेटच्या कारभारात आपला जिल्हा आजही मुंबईकडे नाही. परभणीचा पोरगा रणजीत खेळायचा झाला तर तो पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडून खेळेल. मग 'आपला' संघ कोणता आणि 'बाहेरचा' गडी कोणता? हा प्रश्न आयपीएलने जन्माला घातलेला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो आजच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावून भांडून घेतला होता, आणि त्यांच्या वेळी त्याचं उत्तर संघाच्या नावातच लिहिलेलं असायचं.

ते संघ धर्माचे होते. मुंबईत आधी युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान. चौघांचे म्हणून ते चौरंगी सामने. १९३७ मध्ये 'रेस्ट', म्हणजे उरलेले सगळे, ख्रिस्ती, ज्यू वगैरे, आले आणि सामने पंचरंगी झाले.

मुसलमानांचा संघ सुरुवातीला कमजोर होता. मुंबईत तय्यबजींसारख्या घराण्यांनी क्लब काढला होता, पण एका शहरातल्या श्रीमंत घरांतून अकरा जण जमवून पारशांशी टक्कर देता येत नव्हती. त्यांची कितीतरी वर्षं आधी तयारी झालेली. मग जे आज मुंबई इंडियन्स करते तेच जिमखान्याने केलं: बाहेरून माणसं आणली. अलीगढच्या कॉलेजात क्रिकेट जोरात होतं; तिथले सलामुद्दीन, शफकत हुसेन १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर जाऊन आलेले. लाहोर, जालंधर, इंदूर, हैदराबाद इथून खेळाडू बोलावले जाऊ लागले. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं. मुंबईचा कोकणी मुसलमान आणि जालंधरचा पठाण यांच्यात समान काय, तर कलमा. तेवढ्यावर संघ उभा राहिला. तरी एकट्याच्या नावावर अजिंक्यपद यायला १९२४ साल उजाडलं. अंतिम सामन्यात त्यांनी हिंदूंना हरवलं.

हिंदूंच्या संघाकडे बघितलं तर दिसतं की एकाच धर्माच्या आत 'आपला' कोण, हेही ठरलेलं नव्हतं. पळवणकर बाळू हे त्या काळातले देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करता करता नेटमध्ये गोलंदाजी शिकलेले. १९११ च्या दौऱ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण ते चर्मकार समाजातले. मैदानावर त्यांनी घेतलेले बळी हिंदूंचे, आणि चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपदाचा प्रश्न आला की निवड समितीला दुसरं नाव सापडायचं. १९२० मध्ये तर मुसलमानांविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळलंच. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी आपण खेळणार नाही असं जाहीर केलं. वर्तमानपत्रांतून वाद पेटला. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले आणि कर्णधार काही काळ मैदानाबाहेर गेला तेव्हा संघ त्यांनीच सांभाळला. १९२३ मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून अजिंक्यपद घेतलं. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत असायला हवं. मला एकाही ग्रंथालयात दिसलेलं नाही.

संघाची निवड म्हणजे नुसती खेळाची गोष्ट असते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे १९२० साल नजरेखालून घालावं. आणि बाळूंची गोष्ट इथे संपत नाही: १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. ते हरले. त्यावर वेगळं लिहायला हवं.

मुसलमानांचे खरे दिवस १९३४ नंतर आले. जालंधरचा वझीर अली कर्णधार, महंमद निसारसारखा वेगवान गोलंदाज, इंदूरचा मुश्ताक अली सलामीला. १९३४ आणि १९३५ ची दोन्ही अजिंक्यपदं त्यांची. १९३४ मध्येच तल्यारखान यांनी मुसलमान-पारशी सामन्याचं धावतं वर्णन रेडिओवरून केलं. आता भांडायला मुंबईच्या मैदानात असण्याची गरज उरली नाही. ज्या गावात एक रेडिओ, त्या गावात शंभर निवड समित्या. लढती हिंदू-मुसलमान अशा रंगू लागल्या आणि त्या काळच्या राजकारणात त्या फक्त लढती राहणं अवघड होतं.

पण याच वर्षांत आपल्या संस्थानात काय चाललं होतं ते मुंबईच्या झगमगाटात विसरलं जातं. सिकंदराबादला १९३० पासून नवाब मोईनुद्दौला यांच्या नावाचा सुवर्णचषक सुरू झाला होता. तिथे धर्माचे संघ नव्हते. राजे-नवाब आपापले संघ उतरवायचे आणि पैसा ओतून कुठूनही खेळाडू आणायचे. १९३४ मध्ये वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन सिकंदराबादला येऊन तिथल्या 'फ्रीलूटर्स' संघातून खेळला. संघाचं नावच 'लुटारू'! आयपीएलच्या मालकांनी इतका प्रामाणिकपणा दाखवलेला नाही. आणि रणजी स्पर्धेतलं पहिलं शतक कुणाचं? हैदराबादच्या सय्यद महंमद हादींचं, मद्रासविरुद्ध नाबाद १३२. हे हादी १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून टेनिस खेळलेले. १९३७-३८ मध्ये हैदराबादने रणजी करंडकच जिंकला. कर्णधार एस. एम. हुसेन, नवानगरविरुद्धचा अंतिम सामना एका गड्याने जिंकला, आणि तो जिंकून देणारं नाबाद शतक एदलजी ऐबारा या पारशाचं. चौरंगीत मुसलमानांनी ज्यांना हरवायचं ते पारशी; हैदराबादच्या संघात मात्र मुसलमान कर्णधाराची लाज राखणारा पारशी. चाचांचे अब्बा ज्या टीमसाठी भांडायचे ती ही.

म्हणजे एकाच वेळी दोन हिशेब चालू होते. मुंबईत माणूस धर्माने आपला, रणजीत प्रांताने किंवा पगाराने. सी. के. नायडू नागपूरचे, पण होळकरांच्या फौजेत कर्नल आणि त्यांच्याच संघात. मुश्ताक अली होळकरांचे कॅप्टन. लढाईवर कुणी गेलं नाही. हुद्दा म्हणजे त्या काळचा करार. आजचे कोटी आणि तेव्हाचे हुद्दे यांत मला फार फरक वाटत नाही.

या दोन हिशेबांमध्ये सापडलेला सर्वांत मोठा माणूस मराठी होता. विजय हजारे, जन्म सांगलीचा, १९१५. मराठी ख्रिस्ती. हिंदूंच्या संघात जागा नाही, मुसलमानांच्या नाही, 'उरलेल्यां'च्या संघात. रणजीत ते महाराष्ट्राकडून खेळत. १९३९-४० मध्ये पुण्याला बडोद्याच्या गोलंदाजांना झोडपून त्यांनी नाबाद ३१६ केल्या आणि महाराष्ट्राने त्या वर्षी करंडक जिंकला. दि. ब. देवधर कर्णधार. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. देवधरांनी पन्नाशीला टेकलेले असताना मुंबईविरुद्ध २४६ केल्या. आणि मग बडोद्याने काय केलं? ज्याने आपल्याला धुतलं त्यालाच घेऊन टाकलं. हजारे बडोद्याच्या महाराजांच्या पदरी गेले. पुढच्या नऊ वर्षांत बडोद्याने तीन वेळा करंडक जिंकला. महाराष्ट्राने १९४१ नंतर एकदाही नाही. तीन वेळा अंतिम फेरीत जाऊन हात हलवत परत. पोरांनी हार्दिकची बदली हा जगातला सर्वांत मोठा अन्याय मानला तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांना महाराष्ट्र नावाचा संघ रणजी खेळतो हेच नीट माहीत नव्हतं. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला ती २०२५ ची गोष्ट, त्यानंतर थोडं कळू लागलंय.

हजारे १९४३ च्या पंचरंगीत काय खेळले ते आकडे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुसलमानांविरुद्ध त्यांनी २४८ करून विजय मर्चंटचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात हिंदूंकडून मर्चंटने नाबाद २५० करून तो परत घेतला. मग 'रेस्ट'चा दुसरा डाव: संघाच्या एकूण धावा ३८७, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९. भावाबरोबर ३०० ची भागी, त्यात भावाच्या २१. संघ हरलाच. आणि मार्च १९४७ मध्ये, पंजाब जळत असताना, बडोद्याला रणजीच्या अंतिम सामन्यात याच हजारेंनी लाहोरच्या गुल महंमदबरोबर होळकरांविरुद्ध ५७७ ची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. एक सांगलीचा ख्रिस्ती, एक लाहोरचा मुसलमान, दोघे बडोद्याच्या मराठा राजाचे नोकर.

पंचरंगी सामन्यांना विरोध आधीपासून होता. मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला बरेलवी हे स्वतः मुसलमान, आणि धर्मावर संघ नकोत या मताचे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींकडे गेले. त्यांनी अशा सामन्यांना पाठिंबा द्यायला नकार दिला आणि जिमखान्याने त्या वर्षी माघार घेतली. मुसलमान जिंकले, पण हिंदूंशिवायचं ते अजिंक्यपद कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. १९४४ चं राहिलं. जिंकायला २९८ हव्या होत्या. मुंबईचा के. सी. इब्राहीम सलामीला आला आणि शेवटपर्यंत नाबाद १३७ वर उभा राहिला. मुसलमान एका गड्याने जिंकले. ही त्यांची शेवटची विजयश्री. १९४६ मध्ये सामने बंद झाले.

मी मुसलमान आहे म्हणून त्या विजयाचा अभिमान वाटतो का, असं मला एकाने विचारलं होतं. इब्राहीमच्या डावाचा वाटतो. संघाचा नाही. तो संघ तसा असायलाच नको होता. बाळूंना ज्या कारणाने चहा बाहेर मिळाला, त्याच कारणाने हजारे 'उरलेल्यां'त गेले आणि त्याच कारणाने इब्राहीम 'मुसलमानांचा' ठरला. आमच्यातले काही लोक पंचरंगीची आठवण सोनेरी करून सांगतात. सांगू देत. पण ती सांगताना बरेलवींचंही नाव घ्यावं.

कारण त्याच काळात लोकांनी दुसरी गोष्टही करून दाखवली होती. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसचा संघ आला. कलकत्त्याच्या सामन्यासाठी मुश्ताक अलीला वगळलं. ईडन गार्डनबाहेर लोक जमले, निवड समितीतल्या दुलीपसिंहजींना घेरलं आणि घोषणा दिली, "नो मुश्ताक, नो टेस्ट." मुश्ताक नाही तर सामना नाही! समितीला त्याला परत घ्यावं लागलं. कलकत्त्याची ती गर्दी कोणत्या धर्माची होती ते कुणी मोजलं नाही. मुश्ताक ना बंगालचा, ना त्या शहराचा. इंदूरचा माणूस. त्यांना त्याचा खेळ बघायचा होता. वर्षभराच्या आत, ऑगस्ट १९४६ मध्ये, त्याच शहरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग झाली ती सगळ्यांत मोठी अदलाबदल. तिच्यात लिलाव नव्हता आणि परत येण्याची सोयही नव्हती. वझीर अली पाकिस्तानात गेला आणि १९५० मध्ये कराचीत वारला. इब्राहीम भारताकडून चार कसोटी खेळून मग गेला. गुल महंमद, आमिर इलाही आणि अब्दुल हफीज कारदार हे तिघे दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. कारदार तर पाकिस्तानचा पहिला कर्णधार. मुश्ताक अली इंदूरलाच राहिला. हैदराबादचा गुलाम अहमद इथेच राहून भारताचा कर्णधार झाला. त्याचा भाचा आसिफ इक्बाल हैदराबादकडून रणजी खेळून १९६१ मध्ये कराचीला गेला आणि १९७९ मध्ये पाकिस्तानचा कर्णधार म्हणून भारतात आला. एका घरातले दोन कर्णधार, दोन देशांचे.

जे गेले त्यांचा हिशेब जे राहिले त्यांच्याकडून मागितला जातो. ९ मार्च १९९६, विश्वचषकाचा बंगळुरूचा सामना. मी सोळा वर्षांचा. एका दुकानात टीव्हीसमोर गर्दी होती. आमिर सोहेल चौकार मारून व्यंकटेश प्रसादकडे बॅट रोखत होता तेव्हा मागून कुणीतरी मला म्हणालं, "काय मियाँ, आज तुमचे जोरात आहेत." भारताचा कर्णधार त्या दिवशी महंमद अझरुद्दीन होता. हैदराबादचा. हे त्याला सांगायचं मला सुचलं नाही. घरी पोचल्यावर सुचलं. पुढच्याच चेंडूवर सोहेलचा त्रिफळा उडाला आणि त्याच माणसाने आनंदाने माझ्या पाठीत थाप मारली. ती थापही खरी होती, हे मला आजवर नीट समजावून सांगता आलेलं नाही. २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर महंमद शमीला लोकांनी जे लिहिलं ते वाचताना मला ते दुकान आठवलं. त्या सामन्यात सगळेच वाईट खेळले होते. कर्णधार विराट कोहली उघडपणे शमीच्या बाजूने उभा राहिला हेही लिहून ठेवायला हवं.

रोहितच्या जागी हार्दिक आला म्हणून आमची पोरं जेव्हा 'बाहरवाला' म्हणत होती तेव्हा त्यात धर्म नव्हता, प्रांतही नव्हता. हार्दिक बडोद्याचा, पण आयपीएलमध्ये वाढला तो मुंबईतच. राग होता तो 'सोडून गेला होता' याचा. सर्फराज खान मुंबई सोडून उत्तर प्रदेशकडे गेला होता, परत आला आणि जानेवारी २०२० मध्ये वानखेडेवर त्याच उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद ३०१ केल्या. त्याला मग कुणी बाहेरचा म्हणालं नाही. धावा हे पुष्कळ रागांवरचं औषध आहे, शमीचं प्रकरण मात्र वेगळं.

२९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. ४ जुलैला वानखेडेवर तीच गर्दी त्याच्या नावाचा जयघोष करत होती. आमच्या हॉटेलात सर्वांत मोठ्याने शिव्या देणारा पोरगा खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. चाचांनी विचारलं, "अब किसका है?" तो म्हणाला, "अपनाही था, चाचा." आणि लगेच ईशान किशनला ठेवायचं की सोडायचं यावरून वाद सुरू झाला.

मुंबईने त्याला सोडलं. नोव्हेंबरमध्ये लिलाव झाला तो जेद्दाला. आमच्याकडे जेद्दा म्हणजे हाजी उतरतात ते ठिकाण. तिथे खेळाडूंची बोली लागते हे ऐकून दोन-तीन बुजुर्गांनी कानाला हात लावले. ईशान सव्वाअकरा कोटींना हैदराबादकडे गेला. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या चहाचे पैसे चाचांनी दिले.